इथेनॉल, पण किती टक्के?

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलविरोधातला (म्हणजे ऊस, मका अशा पिकांपासून बनणाऱ्या अल्कोहोलविरोधातला) एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. मलाच चौघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इथेनॉलने मायलेज निम्मं होतं, ते पाणी ओढून इंजिन खातं, आणि पर्यावरणाला फायदा शून्य. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के, हे मात्र त्यात कुठेच नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

‘मायलेज निम्मं होतं.’ लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे निव्वळ इथेनॉलवरसुद्धा घट एक तृतीयांशच. २० टक्के मिश्रणात ऊर्जा जेमतेम ७ टक्क्यांनी कमी होते. पण ‘ऑक्टेन (म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची इंधनाची क्षमता) जास्त, त्यामुळे भरून निघतं’ हे समर्थकांचं पालुपदही मला पटत नाही. वाढीव ऑक्टेनचा पुरता फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा-इंधन जास्त दाबणाऱ्या इंजिनाला. तुमच्या दारातल्या गाडीचं कॉम्प्रेशन काही आपोआप वाढत नाही. इंधन तेवढं स्वस्त मिळालं नाही, तर गाडीवाल्याची कुरकुर रास्तच आहे.

‘पाणी ओढतं.’ ओढतं, खरंय. पण रोजच्या गाडीच्या टाकीत हवेतून येणारं पाणी किरकोळ असतं. ते इंधनात विरघळतं आणि इंजिनातून वाफ होऊन बाहेर पडतं. १० टक्के मिश्रणही साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि गाडीचा पंप नेमका तळातूनच इंधन उचलतो. ही भीती महिनोन्महिने उभ्या गाडीला, किंवा जिथे साठवणुकीच्या टाकीत पाणी शिरतं तिथे. ब्राझीलमध्ये तर पंपावर मिळणाऱ्या निव्वळ इथेनॉलमध्येच सुमारे ५ टक्के पाणी असतं, आणि २००३ पासून तिथल्या फ्लेक्स गाड्या (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) त्यावर धावतायत.

‘इंजिन खातं.’ इथे मी अर्धे गुण देतो. ब्राझीलच्या फ्लेक्स गाड्या इथेनॉलसाठीच बनवलेल्या आहेत. जुन्या गाड्यांचं तसं नाही. त्यांचे रबरी पाइप आणि सील फुगतात, कडक होतात. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ इथेनॉल सोडवतं आणि फिल्टर तुंबतो. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ऑक्सिजन सेन्सरवाली (धुरातला ऑक्सिजन मोजणारी) गाडी इंधन वाढवून हे सांभाळून घेते. जुन्या गाड्यांत हवा-इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो आपला जुन्याच मापाने इंधन सोडतो, आणि हवेच्या मानाने इंधन कमी पडतं.

‘पर्यावरणाला फायदा शून्य.’ धुरातला कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, हे खरं. पण खत, ट्रॅक्टरचं डिझेल आणि ऊर्ध्वपातनाची उष्णता फुकट येत नाही. उसाच्या कारखान्यात चिपाड जाळून भागतं. मक्याला, निदान अमेरिकेत, बहुधा नैसर्गिक वायू लागतो. जंगल तोडून पीक घेतलं, तर सगळा हिशेबच उलटतो. धुरातही तेच: कार्बन मोनॉक्साइड घटतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे दुसरं प्रदूषक वाढतं. तेव्हा ‘शून्य’ चूक आणि ‘हिरवं इंधन’ हेही अर्धवट. टाकीतल्या चमचाभर पाण्यावर इतका गहजब करणाऱ्या मजकुरात, पिकाला लागणाऱ्या पाण्याबद्दल मात्र अक्षरही नाही.