‘झाडाला बुरशी? औषध नको, ताकद द्या!’ या मेसेजला उत्तर

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. येईल-जाईल म्हणून सोडून दिला होता. परवा तो मामांकडून आला आणि खाली त्यांची ओळ: ‘यंदा फवारणी बंद. खर्च वाचला.’ मामांची बाग मोहोराच्या तोंडावर आहे, म्हणून आता गप्प बसवत नाही. मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. शेवटचा सोडला तर एकातही पिकाचं नाव नाही, रोगाचं तर नाहीच. आंबा, सफरचंद, बदाम, अक्रोड, सगळ्यांना एकच मात्रा!

‘निरोगी झाडाला बुरशी लागतच नाही.’

बाकीचे मुद्दे याच खुंटीला टांगलेत, म्हणून आधी ही खुंटी बघू. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत चेस्टनटची झाडं होती. कुणी खत न घालता, पाणी न देता वाढलेली, उंच, धडधाकट. 1904 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारात त्यांच्या सालीवर एक रोग दिसला. क्रायफोनेक्ट्रिया नावाची बुरशी आशियातून आणलेल्या रोपांबरोबर तिकडे पोचली होती. सालीला बारीकशी चीर पुरते. तिथून ती आत शिरते, सालीखालचा जिवंत थर मारत खोडाभोवती फिरते आणि वरचा भाग वाळतो. पुढच्या साधारण पन्नास वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडं गेल्याचा अंदाज आहे. एवढी सगळी झाडं अशक्त होती? मुळं जमिनीत जिवंत राहतात, आजही बुंध्यातून फुटवे येतात, थोडे वाढतात आणि पुन्हा त्याच रोगाने मरतात. चीनमधली चेस्टनटची जात मात्र हाच रोग बऱ्यापैकी सोसते, कारण ती या बुरशीच्या सोबतीनेच घडली आहे. हा गुण वाणाचा आहे, खताच्या गोणीतून तो येत नाही. युरोपात काही झाडं बचावली, त्यातही झाडाच्या ताकदीपेक्षा मोठा हात एका विषाणूचा होता: त्याने बुरशीलाच आजारी पाडलं.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. पाण्याच्या ताणातली किंवा उन्हाने साल भाजलेली झाडं फांदीमर आणि खोडावरच्या काही रोगांना लवकर बळी पडतात. तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं खरं. पण ‘ताकद’ म्हणून युरिया ओतायला सांगणं म्हणजे कहर आहे. युरियातल्या जास्त नत्राने कोवळी, लुसलुशीत पालवी सुटते आणि भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला, नेमकी तीच हवी असते.

‘मोरचूद नैसर्गिक आहे. चुन्याची भेसळ न करता थेट फवारा. जास्त मारा, जास्त गुण.’

हे लिहिणाऱ्याने पाठीवर पंप कधी घेतलेला नसावा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. नुसत्या मोरचुदाच्या पाण्यातलं तांबं मोकळं असतं, द्रावण आम्लधर्मी असतं. कोवळी पानं आणि मोहोर त्याने करपतात. मिलार्डे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक जाहीर केलं तेव्हापासून त्यात चुना आहे, तो याचसाठी. चुना तांब्याला बांधून ठेवतो, मग ते पानावर बसून हळूहळू सुटतं. एक टक्का मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी चाकू घासून मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घालायची. ही चाकूची परीक्षा मला मामांनीच शिकवली आहे, आणि आज तेच हा मेसेज पुढे ढकलतायत!

‘नैसर्गिक’ म्हणाल तर तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे. सेंद्रिय शेतीलाही ती लागू आहे.

‘डाग दिसल्याशिवाय औषध मारू नका.’

सफरचंदाच्या खपल्या रोगावर मिल्स या अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञाने 1944 साली दिलेला तक्ता बघा. तापमान 17 ते 24 अंश असेल तर पान नऊ तास ओलं राहिलं की लागण होऊ शकते. डाग मात्र दिसतो नऊ-दहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे डाग दिसेपर्यंत बुरशी पानाच्या आत बस्तान बसवून मोकळी! संरक्षक औषध पानावर लागणीच्या आधी असावं लागतं. अर्थात दर आठवड्याला डोळे मिटून फवारणारेही आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही. ओलावा आणि तापमान बघून फवारा. रोगही ओळखा: भुरीला पान ओलं असावंच लागतं असं नाही, करप्याला (पानं-मोहोर काळे पाडणाऱ्या बुरशीरोगाला) लागतं. गंधक भुरीवर चालतं, करप्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

‘छाटणीच्या जखमेवर डांबर फासा.’

नको. अलेक्स शायगो या अमेरिकी वृक्षतज्ज्ञाने हजारो झाडं उभी चिरून बघितली. असल्या लेपांनी लाकूड कुजणं थांबत नाही. झाड जखमेमागे स्वतःच आडभिंती घालतं. काप स्वच्छ घ्या, कोरड्या दिवशी घ्या, रोगट फांदी बागेबाहेर न्या.

‘बुरशी आलेले बदाम-अक्रोड खरपूस भाजले की विष जातं.’

बुरशी मरते, विष उरतं. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि त्याने यकृताचा कर्करोग होतो. भाजल्याने ते थोडंफार कमी होतं, पण खाण्याजोगं होण्याइतकं खात्रीने नाही. काढणीनंतर लगेच वाळवणं आणि कोरडं ठेवणं हा खरा उपाय. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून फेकायचे. दुभत्या जनावरालाही घालायचे नाहीत, कारण हे विष रूप बदलून दुधात उतरतं.