सात महिन्यांचा कामगार

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 1953 च्या दुरुस्तीने वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला काही हक्क दिले, आणि तेव्हापासून मोठमोठ्या कंपन्यांचे गणित बरोबर त्या आकड्याच्या अलीकडे येऊन थांबते! चाकणला माझ्या भाच्याला सातव्या महिन्याच्या अखेरीस ‘ब्रेक’ मिळाला आणि पंधरा दिवसांनी त्याच लाइनवर, त्याच मशिनसमोर, तोच पाना हातात देऊन त्याला ‘नवीन’ म्हणून उभे करण्यात आले. बदलला तो फक्त ठेकेदार आणि गेटपासचा रंग. तीन वर्षांत तो कधी टेम्पररी, कधी ठेक्यावरचा, कधी ‘ट्रेनी’ झाला. (नव्याने आलेल्यांना काम शिकवतो तोच, मग प्रशिक्षण नेमके कोणाचे चालले आहे?) उत्पादन वाढले की तो कंपनीचा आणि बोट कापले की ठेकेदाराचा!

भर पावसात घरोघरी जेवण पोहोचवणारे तर म्हणे ‘पार्टनर’! गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे आणि नफ्यात छदामही नाही, असा भागीदार कोणत्या खतावणीत बसतो? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ‘गिग कामगार’ म्हटले खरे, पण व्याख्येतच त्यांना पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर बसवले. म्हणजे बारसे थाटात झाले, बापाचे नाव तेवढे लावायचे नाही.