हत्यारंच तर गेली ना!

सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर समोरच्या बंगल्याच्या पार्किंगपाशी पाच-सहा जण घोळका करून उभे. मधे आपला एसीवाला पोरगा, उकिडवा बसलेला, हातात कोयंडा. नुसता कोयंडा. त्याला कुलूप तसंच लटकलेलं, बंद, चकचकीत, शाबूत.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरण भागातल्या मित्रमंडळींना हा पोरगा माहीत आहे. निम्म्यांच्या घरचे एसी त्यानेच बसवलेत. समोरच्या आजोबांनी गाडी विकल्यावर त्यांचं गॅरेज रिकामं पडलं होतं, ते त्याने दोन वर्षांपूर्वी भाड्याने घेतलं. रात्री सगळं सामान तिथे ठेवायचं, सकाळी आठला स्कूटरवर लादून निघायचं. काल रात्री ते सगळं गेलं. व्हॅक्यूम पंप, गॅसचा दाब बघायचं गेज मॅनिफोल्ड, पाइपची तोंडं फुलवायचा फ्लेअरिंगचा सेट, क्लॅम्प मीटर, हॅमर ड्रिल, तांब्याच्या पाइपची अख्खी गुंडाळी. शिडी तेवढी राहिली. ती गाडीवर मावली नसावी.

होळी झाली की एसीवाल्यांचा सीझन सुरू होतो. तीन महिन्यांत कमवायचं आणि त्यावर पावसाळा काढायचा. पंपाचे हप्ते अजून सात बाकी आहेत म्हणाला. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जाणार. चोरी झाली म्हणून बँक थांबते थोडीच.

आणि तेवढ्यात आमच्याच लेनमधले एक गृहस्थ, बगलेत योगाची चटई, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे, हत्यारंच तर गेली ना! बंगल्यात शिरले असते तर?"

मी तिथे काही बोलले नाही. पिशवी घेऊन वर आले, दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि ते "हत्यारंच तर" अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

माझे वडील, अण्णा, भोसरीत फिटर होते. चिंचवडच्या आमच्या बैठ्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे शिफ्ट संपल्यावर बाहेरची कामं करायचे. त्यांच्या प्रत्येक पान्यावर, पकडीवर, हातोडीवर सेंटर पंचाने मारलेली तीन टिंबं असायची. मोजायच्या हत्याराला मात्र पंच नाही, घाव बसला की ते बिघडतं. त्यामुळे व्हर्नियरच्या, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायच्या पट्टीच्या, पाठीवर कार्बाइडच्या टोकाने ओढलेल्या तीन बारीक रेघा. मिटुटोयोचं व्हर्नियर, जपानी, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारं. अर्धा पगार घालून घेतलेलं. आईने नवीन पातळ मागितलं होतं त्या दिवाळीला, ते पुढच्या दिवाळीवर गेलं. आई हे आयुष्यभर ऐकवायची, पण पापड लाटून झाले की गमतीने म्हणायची, "मोजा हो एकदा, सगळे सारखे आहेत का." आणि अण्णा खरंच मोजायचे.

१९८९ साली, मी सातवीत असताना, शेडचा पत्रा उचकटून ते व्हर्नियर चोरीला गेलं. सोबत सात-आठ पाने.

अण्णा तेव्हा काय म्हणाले असतील? काहीच नाही. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, एवढंच. त्यानंतरच्या रविवारी, सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळ मोकळी होती, मला सायकलच्या दांड्यावर बसवून जुन्या बाजारात घेऊन गेले. गोणपाटावर मांडलेल्या गंजक्या नळाच्या तोट्या, सायकलच्या चेन, तुटके स्क्रू ड्रायव्हर, आणि त्यात आमचं व्हर्नियर. अण्णांनी उचललं, उलटं केलं, रेघांवरून अंगठा फिरवला. विकणाऱ्याला म्हणाले, "हे माझं आहे." तो म्हणाला, "असेल तुमचं. पण पैसे मी मोजलेत."

साठ रुपये दिले अण्णांनी. आपल्याच वस्तूचे. एक शब्द न बोलता.

मला त्या दिवशी अण्णांचा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पोलिसांना का नाही बोलावलं? आरडाओरडा का नाही केला? आजही ती ओळ आठवली की कानशिलं तापतात. पैसे मी मोजलेत म्हणे!

असो. आधी त्या कोयंड्याचं बोलते. पोराने कुलूप नऊशे रुपयांचं घेतलं होतं, कापता येणार नाही असं दुकानदाराने सांगितलेलं. ते लावलं कशावर? चाळीस रुपयांच्या पत्र्याच्या कडी-कोयंड्यावर, जो चार स्क्रूंवर टेकलेला, आणि ते चारही स्क्रू बाहेरून दिसतात. चोराने कुलपाला हातसुद्धा लावला नाही. स्क्रू ड्रायव्हरने चार स्क्रू काढले आणि ते बाजूला नीट ठेवून गेला. अण्णा असते तर पहिल्या दिवशीच म्हणाले असते, कडी आरपार बोल्टने बसव, नट आतल्या बाजूला घे, वर वेल्डिंगचा एक टाका मार. पन्नास रुपयांचं काम. माझ्या ते डोळ्यांसमोर होतं दोन वर्षं, रोज ते दार बघत होते. फिटरची मुलगी म्हणवते स्वतःला.

हो, मान्य, धातू कापायचा बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आला तर कुठलंही कुलूप मिनिटा-दोन मिनिटांत जातं. पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, कुत्री भुंकतात. स्क्रू ड्रायव्हरचा आवाज कोणाला येतो?

आणि ज्यांच्या घरी पार्किंगमध्ये पहार, जॅक, घण उघड्यावर पडलेले असतात त्यांनी आज रात्रीच ते आत घ्या. चोराला स्वतःचं सामान वाहून आणायला लावा निदान.

दुपारी मी त्याच्याबरोबर तक्रार द्यायला गेले. कुठे, कोण, ते लिहीत नाही. तिथे विचारलं, "बिलं आहेत?" पंपाचं होतं, हप्त्यांमुळे. बाकी कशाचंच नाही. "मशीनचा नंबर?" नाही. "काही खूण?" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. खूण कसली? ड्रिलच्या हँडलला काळी टेप गुंडाळलेली होती म्हणाला. काळी टेप! टेबलामागच्या माणसाने पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, उद्या दहा ड्रिल पकडून आणली तर त्यातलं कुठलं याचं हे त्याने कसं ठरवायचं? मुद्देमाल सापडूनही तसाच पडून राहतो तो ह्याचमुळे. मालकाला "हे माझंच" असं म्हणता येत नाही.

तीन टिंबं हो. फक्त तीन टिंबं लागतात. पंच आणि हातोडी. मशीनच्या प्लास्टिक बॉडीवर तापवलेल्या सुईने खूण करा, नंबराच्या पट्टीचा फोन जवळ नेऊन फोटो काढा, बिलाचा फोटो काढा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. एवढं रविवारी चहा पिता पिता होतं.

घरी येऊन कायदा वाचत बसले. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा साध्या चोरीचं कलम ३७९ चं ३०३ झालं. राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी केली तर ३०५, सात वर्षांपर्यंत. म्हणजे गॅरेज आलं त्यात. आणखी एक नवीन आहे. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झालेला, आणि चोराने माल परत केला किंवा किंमत भरली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. हे वाचून आधी भडकलेच. गवंड्याची थापी, करणी, ओळंबा, लेव्हल, सगळं मिळून पाच हजारांच्या आतच बसतं, आणि तेवढ्यावर त्याचं घर चालतं! मग वाटलं, एखादं पोरगं भुकेपोटी पहिल्यांदाच चुकलं आणि वस्तू परत आली तर तुरुंगात टाकून काय मिळणार? ठीक आहे. पटलं, पण अर्धंच.

पण मला जे सांगायचंय ते पुढच्या कलमात आहे. ३१७. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला जागा असून, जो तो विकत घेतो त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. साध्या चोरीला जेवढी, तेवढीच. चोर आणि गिऱ्हाईक एका तागडीत.

आणि बरोबरच आहे ते! गेज मॅनिफोल्ड चोर घरी नेऊन काय करणार, पोळ्या लाटणार? तो ते उचलतो कारण परवा कोणीतरी ते अर्ध्याच्या अर्ध्या किमतीत घेणार असतो. घेणारा चोर-बिर नसतो, आपल्यासारखाच असतो. पगारदार, देवभोळा. खंडेनवमीला घरातली पक्कड धुऊन, हळद-कुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून नमस्कार करणारा. आणि त्या पकडीवरची खूण मात्र न बघणारा. आमच्याकडे अण्णा पूजेच्या दिवशी आईला ओरडायचे, "स्केलवर कुंकू नको लावू, आकडे दिसत नाहीत." बाकी सगळ्या हत्यारांना लावू द्यायचे. त्या व्हर्नियरला फक्त फूल.

जुनी हत्यारं विकूच नयेत असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. आयटीआयमधून नुकतं बाहेर पडलेलं पोरगं नवा सेट कुठून घेणार? कारखाने बंद पडतात, माणसं रिटायर होतात, त्यांची हत्यारं पुढच्या हातात गेलीच पाहिजेत. पण घेताना "कोणाचं होतं?" एवढं विचारायला काय जातं आपलं?

इथपर्यंत लिहून थांबले होते. पाणी प्यायले. पुढचं लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्याकडे नट-बोल्ट खोलायचा एक सॉकेट सेट आहे. अर्धा इंची, रॅचेटसकट, लोखंडी पेटीतला. २०१७ ला ह्यांना बुलेट स्वतः खोलायची हौस आली होती तेव्हा घेतला. जुन्या बाजारातून. नऊशे सांगितले होते, मी घासाघीस करून सहाशेवर आणला आणि घरी येऊन दहा जणांना ते सांगितलं. प्रत्येक सॉकेटवर हिरव्या ऑइलपेंटची पट्टी आहे. ब्रशने ओढलेली, एकसारखी, अगदी लहानात लहान सॉकेटवरसुद्धा. शेजारी बसवून एकेकाला रंग लावला असणार कोणीतरी. एखादा रविवार गेला असेल त्याचा.

मागच्या उन्हाळ्यात हा पोरगा आमचा एसी बसवायला आला होता. ब्रॅकेटचे बोल्ट आवळायला तोच सेट दिला मी. "काकू, सेट भारी आहे, कुठून घेतला?" मी ऐटीत सांगितलं, जुन्या बाजारातून, सहाशेला. त्याने एक सॉकेट बोटांत फिरवला, हिरवी पट्टी बघितली, आणि काही न बोलता कामाला लागला. तेव्हा मला वाटलं, भाव ऐकून गप्प झाला.

अण्णांचं ते व्हर्नियर परत आल्यावर त्यांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. रॉकेलने पुसलं, तेलाचा हात फिरवला, जबडे मिटले आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. नीट असेल तर मिटलेल्या जबड्यांतून उजेड दिसत नाही. मला म्हणाले, "बघ." मी एक डोळा मिटून बघितलं. एका टोकाला केसभर उजेड होता. कुठेतरी आपटलं होतं ते, त्या चार-पाच दिवसांत, कोणाच्या तरी हातून.

त्या व्हर्नियरने त्यांनी पुन्हा कामाचं माप घेतलं नाही. पापड तेवढे मोजायचे. साठ रुपये कशाला घालवले, असं मी नंतर कॉलेजात असताना एकदा विचारलंही, तर म्हणाले, "दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर त्याचं काम मापात चुकलं असतं ना."

आता ह्यावर काय राग धरायचा. आज ते असते तर त्या चटईवाल्या गृहस्थांनाही चहा पाजून सोडलं असतं. मी नाही सोडणार. उद्या सकाळी ते खाली भेटतीलच.

पोराला शनिवारपर्यंत पंप आणि गेज लागणार आहे. कोणाच्या ओळखीत एसीचं काम सोडलेलं कोणी असेल तर मेसेज करा, भाड्याने चालेल. बिल किंवा मालकाचा फोन नंबर असल्याशिवाय घेणार नाही, असं त्याने स्वतःहून सांगितलंय. गॅरेजची कडी उद्या आमच्या खर्चाने बसतेय, आरपार बोल्टची.

आणि २०१७ च्या आधी कोणाचा अर्धा इंची सॉकेट सेट गेला असेल, लोखंडी पेटी, हिरवी पट्टी, चौदा नंबरचा सॉकेट नाही, तर तो माझ्याकडे आहे. पुसून, तेल लावून ठेवलाय. चौदा नंबर आम्ही घेतला तेव्हाही नव्हता, देवाशपथ. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.