रेकॉर्ड करायचं कशात, लावायचं कशात

एखाद्या झगमगीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन "टीव्हीवरचं रेकॉर्ड करता येईल आणि सीडी-डीव्हीडीही लागेल, असं काहीतरी दाखवा" असं म्हणून बघा. विक्रेता आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या मागे बघतो. सोबत कोणी जबाबदार माणूस आलंय का, हे त्याला पाहायचं असतं.

माझी मागणी अवाजवी नव्हती. आईची रात्री आठची मालिका आणि सोसायटीतलं भजनी मंडळ यांची वेळ एकच झाली. मंडळ सोडायचं नाही आणि मालिका चुकवायची नाही. "मोबाइलवर बघ की, ॲप आहे," हे घरातल्या प्रत्येकानं सांगून झालं. आई म्हणाली, "एवढ्याशा चौकोनात त्या सुनेचं तोंड नीट दिसत नाही." मालिकेतल्या सुनेचं. बायकोनं विचारून खात्री करून घेतली.

दुसरी मागणी माझी स्वतःची. आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात डिस्कची चळत आहे. 2007 च्या सुमाराला डिस्क बनवणाऱ्या मोसर बेअर कंपनीनं 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा मी नाटकं-सिनेमे भाजीच्या हिशेबानं घरी आणत होतो. त्याच चळतीत आमच्या लग्नाची व्हीसीडी आहे. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचं चित्रण मावतं, त्यामुळे आमचं लग्न तीन भागांत झालं आहे. भाग एकमध्ये सीमांतपूजन, भाग दोनमध्ये मंगलाष्टकं, आणि भाग तीनमध्ये कॅमेरा चेहऱ्यावर आल्यामुळे घास हातातच धरून बसलेली माणसं. त्यातली बरीच आता नाहीत. त्यांना बघायचं तर डिस्क लावायला हवी, आणि जुना प्लेअर तर राम म्हणून मोकळा झालेला.

एकेकाळी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. केबलची वायर भिंतीतून यायची, व्हीसीआरमध्ये जायची आणि तिथून टीव्हीत. लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. मुंबईत 2012 च्या अखेरीला केबल डिजिटल झाली, पुढच्या वर्षी आम्हा डोंबिवलीकरांची पाळी आली. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. चित्र स्वच्छ झालं, ते मी नाकारत नाही. पण सिग्नल कुलूपबंद आला, किल्ली बॉक्सच्या पोटात राहिली आणि बॉक्स सोडून बाकी सगळी यंत्रं त्या दिवशी परकी झाली.

आमच्या बॉक्सला मागे यूएसबीचं भोक होतं. केबलवाला म्हणाला, "पेन ड्राइव्ह लावा, मस्त रेकॉर्ड होतं." मी लावला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: फॉरमॅट करायचं का? रिमोट आईच्या हातात होता. कोणी काही विचारलं की आई सहसा हो म्हणते. मुलीचा विज्ञान प्रकल्प त्या पेन ड्राइव्हमध्ये होता, हे रात्री साडेदहाला कळलं.

एवढं करून मालिका रेकॉर्ड झाली. मी तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तर आत अगम्य नावाच्या फायली, एकही उघडेना. त्या फक्त त्याच बॉक्सवर चालतात, केबलवाल्याच्या दुसऱ्या बॉक्सवरसुद्धा नाही. आहेरातल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असावं, तसं त्या रेकॉर्डिंगवर बॉक्सचं नाव कोरलेलं. पुढं बॉक्स बिघडला, केबलवाल्यानं बदलून दिला, आणि आईचे गणपतीच्या दिवसांतले सगळे भाग पेन ड्राइव्हमध्ये असूनही गेले.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या वायरींचं पालकत्व घेतलं आहे. त्यांनी ग्रिलबाहेर फ्री डिशची छत्री लावली आहे. दूरदर्शननं 2004 मध्ये सुरू केलेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही. त्यांचा साधा बॉक्स सह्याद्री वाहिनी बिनबोभाट रेकॉर्ड करतो आणि ती फाइल कॉम्प्युटरवरही चालते. काकांनी मला कीर्तनाचा अख्खा कार्यक्रम पुढे-मागे करून दाखवला. मी भारावून गेलो. आईनं एकच प्रश्न विचारला, "यात माझी मालिका येते का?" येत नव्हती. काका म्हणाले, "वहिनी, कीर्तन बघा. त्यातही सासू-सून असते."

काकांचाच पुढचा सल्ला कॅप्चर कार्डाचा, म्हणजे येणारं चित्र कॉम्प्युटरवर टिपून घेणाऱ्या यंत्राचा होता. बॉक्समधून निघालेली एचडीएमआय वायर कार्डात घालायची, कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, झालं काम. त्यासाठी मी लॅमिंग्टन रोड गाठला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर तुम्हाला दवाखाना हवाय असं समजून लोक हळहळतात. इथं जगातली कुठलीही वायर मिळते. कार्ड घेतलं, घरी येऊन जोडलं. आवाज नाही, चित्र नाही, नुसता काळा पडदा. एचडीएमआयच्या दोन्ही टोकांची यंत्रं आधी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात. या पद्धतीला एचडीसीपी म्हणतात, आणि मध्ये नकल करणारं कोणी बसलंय असा वास आला की पाठवणारा गप्प बसतो. आई शेजारी बसून त्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघत होती. "जाहिराती तरी नाहीत," म्हणाली.

शेवटी डीटीएच कंपनीचा रेकॉर्डर घ्यायचं ठरलं. आत हार्ड डिस्क असलेला, 500 जीबीचा. पण तिथंही एक मेख आहे आणि ती विक्रेता आपण होऊन सांगत नाही. आत ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, किती आहेत, ते विचारायचं. एकच असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघावं लागतं. म्हणजे आई भजनात, मालिका डब्यात आणि मी मॅच सोडून मालिकेसमोर. "दोन ट्यूनरचा द्या," म्हणालो तेव्हा त्या मुलानं पहिल्यांदा माझ्याशी अदबीनं बोलायला सुरुवात केली.

रेकॉर्डर आला, आठ ते साडेआठ असा टाइमर लावला. रात्री आई ताटं वाढून, पदर खोचून समोर बसली. त्या दिवशी सासूबाईंचा संयम सुटणार होता, आठवडाभर तशी जाहिरात चालू होती. सासूबाईंनी हात उचलला. कॅमेरा डावीकडून आला, उजवीकडून आला, वरून आला. वीज कडाडली. आणि रेकॉर्डिंग संपलं. वाहिनीचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं. तो हात आमच्या घरात रात्रभर हवेत राहिला. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून ती थप्पड कुठेतरी पडायची बाकी आहे असं मला वाटून गेलं. त्यानंतर मी सेटिंगमध्ये जाऊन आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं वाढवून ठेवली. रेकॉर्डर घेणाऱ्यानं पहिलं काम हे करावं, बाकी माहितीपुस्तिका नंतर वाचली तरी चालते. हीच पेटी महिन्याचं रिचार्ज संपलं की जुनी रेकॉर्डिंगही दाखवत नाही, हे त्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत आहे. आम्हाला ते पुस्तिकेबाहेर समजलं.

राहिल्या डिस्क. माझा बेत ब्लू-रे प्लेअरचा होता, महाग ते चांगलं या हिशेबानं. पण सगळे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी लावतातच असं नाही, म्हणजे लग्न बाहेरच. शिवाय न्यू जर्सीच्या आतेभावानं मोठ्या प्रेमानं दिलेल्या डीव्हीडी अमेरिकेतल्या, रीजन 1 च्या. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालायची, त्याचा हा क्रमांक. भारताचा रीजन 5. नामांकित प्लेअर अशी डिस्क बाहेरचा रस्ता दाखवून परत करतो. आणि हे सगळं त्या काळात, जेव्हा सोनीनं फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणंच बंद केलं. मी नेमका गाव उठल्यावर बाजाराला निघालो होतो.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. एका दुकानदारानं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि वर बघून हाक मारली. पोटमाळ्यावरून एक पोरगा धुळीनं माखलेलं खोकं घेऊन उतरला. कधी न ऐकलेल्या नावाचा डीव्हीडी प्लेअर. "शेठ, हा सगळं खातो," दुकानदार म्हणाला. ते अक्षरशः खरं निघालं. व्हीसीडी, डीव्हीडी, अमेरिकन, चरे पडलेली, मार्करनं नाव लिहिलेली, ज्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता ती, सगळं त्यानं मुकाट गिळलं. माझं स्पष्ट मत झालं आहे की प्लेअर जितका स्वस्त तितका तो उदार. महागड्यांना तत्त्वं असतात.

त्याला मागे पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी. आमच्या नव्या टीव्हीत पिवळं भोकच नाही. काका टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे गेले आणि "हिरव्यात घाल," असं आतून ओरडले. घातली. लग्न लागलं, पण कृष्णधवल. अंतरपाट करडा, शालू करडा, मुंडावळ्या करड्या. आई चष्मा लावून पुढे सरकली. "अरे, हे तुझं नाही, माझं लग्न दिसतंय." टीव्हीच्या मेन्यूत कॉम्पोनंटऐवजी एव्ही निवडलं की रंग येतात, कारण त्या एकाच भोकात हिरवी आणि पिवळी अशा दोन्ही वायरींची सोय केलेली असते. हे मुलीनं येऊन दोन बटणांत केलं. काका तोवर टीव्हीच्या मागेच होते.

आता सगळं चालतं. आई भजनाहून येते, तोवर मंडळातल्याच एका मावशींनी तिला पुढच्या भागात काय होणार तेही सांगितलेलं असतं. तरी ती रेकॉर्डिंग लावतेच. कथा ठाऊक असली की मध्ये बोलायला मोकळीक मिळते, असं तिचं म्हणणं. जाहिराती पळवायचं बटण मी तिला शिकवलं, पण ती ते वापरत नाही, त्या वेळात ती कुकर लावते. आणि बघून झालेला भाग पुसू देत नाही. "राहू दे, कोणी आलं तर दाखवता येईल."

परवा पडद्यावर सूचना आली की डिस्क भरली, काहीतरी काढा. यादी उघडली. मालिका, मालिका, मालिका, मालिकेचा महाएपिसोड, आणि मध्येच 2 नोव्हेंबर 2025 ची आमची एकुलती एक मॅच: नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, ती. पावसानं उशिरा सुरू झालेली, मध्यरात्रीपर्यंत चाललेली, मी आणि मुलीनं श्वास रोखून बघितलेली. मी आईला म्हटलं, "अगं, गणपतीनंतरचे निदान दहा भाग तरी पुसूया. बघून झालेत ना?"

"ते कशाला?" आई म्हणाली. "तुझी मॅच काढ की. तिचा निकाल लागलाय."