घरची मॅच म्हणं! कुणाच्या घरची?

"पुढची घरची आहे रे, बघ तू." हे वाक्य इथून पुढं कुणी माझ्यासमोर काढलं तर त्याला सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेत ढकलीन. मार्चात नदीला तेवढं पाणी कुठं असतंय, नुसता चिखलात रुतून बसेल, पण ढकलीन. आणि पहिला नंबर माझाच लागेल, कारण गेल्या आठ दिवसांत हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा मीच बोललोय.

कालचा नव्हे, त्याच्या आधीचा रविवार. ५ मार्च २०२३. इंग्लंडातला फुटबॉल, माझी टीम मॅन्चेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल, त्यांच्या मैदानावर, ॲनफील्डवर, आपल्याकडं रात्री १० ला. विश्रामबागेत मित्राच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण. मी नेहमीप्रमाणं त्याच्या निळ्या सोफ्यावर, डाव्या कोपऱ्यात. समोर परातभर भडंग, वर कांदा, लिंबू. आठच दिवसांपूर्वी वेम्बलीवर न्यूकॅसलला २-० हरवून लीग कप जिंकलेला. सहा वर्षांनी कसला तरी कप हाताला लागला होता, त्यामुळं छाती अशी फुगलेली की बटणं तुटायची बाकी. हाफटाइमला १-०. गाकपोनं ४३ व्या मिनिटाला मारला होता. "एकच आहे, निघेल." भडंग अजून अर्धं शिल्लक.

मग सेकंड हाफ. न्युनेझ, गाकपो, सलाह, परत न्युनेझ, परत सलाह, आणि वर मीठ चोळायला फिर्मिनो. सहा! भडंग संपायच्या आत आम्ही संपलो. शेवटचे दोन मी बघितलेच नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो आणि हॉलमधल्या आरड्यावरून मोजले. आमच्या पाचात एक लिव्हरपूलवाला आहे. २०१९ पर्यंत हा गडी फक्त आयपीएल बघायचा. लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली आणि याला एकदम लहानपणापासूनचं प्रेम आठवलं.

सात शून्य. क्लबच्या सगळ्यात मोठ्या पराभवांच्या पंगतीत जाऊन बसला हा आकडा. याआधी असे सात खाल्ले होते १९३१ च्या डिसेंबरात, वुल्व्ह्जकडून. १९३१! आमचा आयर्विन पूल तेव्हा नवाकोरा होता, दोन वर्षांचा. माझ्या पणज्यानं नव्या पुलावरून बैलगाडी हाकली असेल, त्या जमान्यातला स्कोअर मला मोबाईलवर बघायला मिळाला. नशीब लागतं.

आणि मुहूर्त बघा. दुसऱ्या दिवशी होळी. युनायटेडचे फॅन जगभर आहेत, पण हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी अख्खं गाव तोंडावर हात मारून बोंबलतंय, हे भाग्य फक्त आमच्या वाट्याला. आमच्या चौकात होळी पेटली आणि लिव्हरपूलवाला मुद्दाम विश्रामबागेतून गाडी मारत आला. नारळ टाकला, माझ्याकडं बघितलं आणि सात बोंबा मारल्या. मोजून सात, प्रत्येक बोंब गोल मारणाऱ्याचं नाव घेऊन. चौकातल्या बारक्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण "फिर्मिनोच्या नावानं" त्यांनी जी बोंब धरली ती धुळवडीच्या दुपारपर्यंत चालू होती.

घरात आई. "तिकडच्या पोरांनी तिकडच्या पोरांना सात घातले, तुझं काय गेलं त्यात? पोळी खा." माझं काय गेलं! तिच्या मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा दोन दिवस तिनं धड जेवण केलं नव्हतं. मी विचारलं होतं का, तुझं काय गेलं म्हणून?

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. मार्च म्हणजे हळदीचा हंगाम आणि वर्षअखेर, दोन्ही एकदम अंगावर. बुधवारी दुकानात पाय टाकला तर हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून म्हणतोय, "काय दिवाणजी, सात म्हणं?" या माणसानं जन्मात फुटबॉलची मॅच बघितलेली नाही. याला कुणी सांगितलं? आणि याला मी काय उत्तर दिलं असेल? "गुरुवारी घरची आहे, बघा तुम्ही."

आता आशेला आधारच नव्हता असंही नाही, खरी बोंब तर तिथंच आहे. आधार नसता तर माणूस शहाण्यासारखा झोपला असता. या मोसमात लीगमध्ये आमच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, आम्ही एकदाच हरलोय, ऑगस्टात, पहिल्याच मॅचला, ब्रायटनकडून. आर्सेनल ३-१, मॅन्चेस्टर सिटी २-१, युरोपा लीगात बार्सिलोना २-१, सगळे येऊन मार खाऊन गेले. ऑगस्टात ब्रेंटफर्डनं त्यांच्याकडं बोलावून ४-० धुतलं, त्याच्या पुढची मॅच कुणाशी होती? याच लिव्हरपूलशी. घरी. जिंकलो २-१. म्हणजे बाहेर मार खाऊन आले की ही पोरं घरी खेळतात, असा पुरावाच हातात. धुळवडीचं मटण ओरपत मी हा सगळा हिशेब दादाला समजावून सांगितला. तो म्हणाला, "रस्सा वाढ."

जे सोयीनं विसरलो तेही सांगतो. २०११ मध्ये सिटीनं सहा घातले ते ओल्ड ट्रॅफर्डवरच. २०२० मध्ये टॉटनहॅमनं सहा घातले, तेही तिथंच. २०२१ मध्ये याच लिव्हरपूलनं पाच घातले ते कुठं? आमच्याच ओसरीवर बसून. आणि म्हणे घरची! त्या मैदानाला लाडानं स्वप्नांचं थिएटर म्हणतात. आम्ही नाट्यपंढरीतली माणसं, १८४३ पासून नाटकं बघतोय. प्रयोग पडतो म्हणजे काय, हे आम्हाला मॅन्चेस्टरनं शिकवायला नको.

तर गुरुवार. युरोपा लीग, स्पेनची रेआल बेटिस. टीमच्या घरी, मॅन्चेस्टरला, ती मॅच गुरुवारी रात्री ८ ला. माझ्या घरी ती मध्यरात्रीनंतर १:३० ला. तिकडं सत्तर हजारांवर माणसं घसा फोडणार, इकडं मला खोकायचीही चोरी. हॉलमध्ये आई झोपते, आतल्या खोलीत दादा-वहिनी आणि पुतणी, तिची दहावीची परीक्षा चालू. टीव्ही लावला असता तर वहिनीनं रिमोटसकट मला बाहेर काढलं असतं. मग मोबाईल, कानात इअरफोन आणि जिन्याची चौथी पायरी, कारण रेंज फक्त तिथंच येते. मच्छरांना पण त्या पायरीचा पत्ता कुणीतरी दिलेला.

आमच्या कोचनं, टेन हागनं काय केलं? ज्या अकरा जणांनी सात खाल्ले, तेच्या तेच अकरा परत उतरवले. मी पायरीवर बसून शिव्या घातल्या, त्याही मनातल्या मनात. सहाव्या मिनिटाला रॅशफर्डनं गोल मारला आणि मी गळ्यातला टॉवेल दातात धरला. मग आमच्या गोलकीपरचे, डे हेआचे ते पास! बॉल पायात आला की हा माणूस समोरच्या टीमला आहेर करतोय. बेटिसनं १-१ केलं आणि मला वाटलं, झालं, आता इथंच पहाट होणार.

आणि तेवढ्यात ॲप फिरायला लागलं. ते गोल गोल चाक. डोळे फाडून चाकाकडं बघतोय आणि वरून मेसेज येतो, "अँटनी! काय मारलाय राव! जागा आहेस का?" लिव्हरपूलवाला! याची टीम खेळत नाही, काही नाही, हा रात्री अडीचला फक्त माझी मजा बघायला जागा. मला गोल दिसायच्या आत त्याला दिसतो, आणि दिसला की त्याला राहवत नाही. ब्रुनोचा हेडरही मला आधी मेसेजमध्ये कळला आणि मग दिसला. माझ्या टीमचा गोल मला शेजारच्या शत्रूकडून कळावा, ही कसली घरची मॅच?

४-१ जिंकलो. वेगहोर्स्टनं चौथा मारला तेव्हा डोळ्यांत खरंच पाणी आलं, सांगायला लाज वाटत नाही. नेमकी आई पाण्याला उठली. जिन्यावर अंधारात पोरगा फोन घेऊन बसलाय, डोळे पुसतोय. तिचा जीव गोळा झाला, "काय झालं रे? कोण गेलं?" म्हटलं, "कोण नाही गेलं, चार घातले." त्यानंतर तिनं जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुतणी उठली, वहिनी उठली, दादा उठला. घरची मॅच ती हीच.

शुक्रवारी पावतीवर ४१ पोत्यांच्या जागी मी ४-१ लिहिलं. शेठनं चष्मा वर करून बघितलं फक्त. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही, मी हवेत. आणि शनिवारी तर सोन्याहून पिवळं झालं. आमच्यावर सात चढवणारं लिव्हरपूल बोर्नमथला जाऊन ०-१ हरलं, सलाहनं पेनल्टी बाहेर मारली. मी गाडी काढली, विश्रामबागेत गेलो आणि त्याच्या दारात उभा राहून एक बोंब मारली. एकच, पण सातांना भारी.

आमच्या बाजारात एक वाक्य रोज कानावर येतं, "आज नको, पुढच्या सौद्याला बघू." दर पडला की शेतकरी हळद मागं ठेवतो. पूर्वी हरिपूरच्या पेवांत ठेवायचे, जमिनीतल्या खोल खड्ड्यात, तोंड बंद करून, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं खलास केली. पण पेव उघडायची एक रीत होती. झाकण काढलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत कोंडलेला वायू आधी जाऊ द्यायचा, नाहीतर उतरलेला गडी आतच आडवा. हे मला माहीत आहे. हळदीच्या धुळीत माझी अर्धी हयात गेली. तरी बेटिसला चार घातले म्हटल्यावर मी झाकण उघडून सरळ उडी टाकली.

काल रविवार, रंगपंचमी. साउदॅम्प्टन. घरची. तळाला असलेली टीम, विसावा नंबर! आणि वेळ संध्याकाळी ७:३०, म्हणजे माणसात बसून बघायची. अख्खी सांगली रंगलेली. त्यात अहमदाबादला कोहलीनं १८६ मारल्या, तीन वर्षांहून जास्त काळानं त्याचं कसोटी शतक लागलं, त्यामुळं जो तो खुशीत. मी अंगावरचा रंगही धड न काढता निळ्या सोफ्यावर, डाव्या कोपऱ्यात.

३४ वं मिनिट. आमचा कॅसेमिरो. आधी पिवळं कार्ड, मग रेफ्री त्या रिप्लेच्या स्क्रीनपाशी गेला, बघितलं, परत आला. रंगपंचमीला रेफ्रीनंही रंग काढला, आणि काढला तर लाल! अरे, महिन्यापूर्वीच क्रिस्टल पॅलेसच्या मॅचला लाल घेऊन तीन मॅच घरी बसला होतास ना बाबा? परत येऊन बूड टेकतंय न टेकतंय तोवर पुन्हा? राहिलेला तासभर दहा जण. ब्रुनोचा एक शॉट गोलकीपरच्या बोटांना लागून खांबावर. त्यांचेही एक-दोन थोडक्यात वाचले. ०-०. तळाच्या टीमबरोबर, घरच्या मैदानावर, शून्य शून्य. सात खाल्ले तेव्हा निदान राग तरी स्वच्छ होता. हे म्हणजे जेवायला बोलावून नुसतं ताट चाटायला देणं.

कोल्हापूरच्या आतेभावाला फोन केला, म्हटलं जरा मन मोकळं करू. तो हसायलाच लागला. त्याचं आयुष्य शाहू स्टेडियमवर गेलंय. त्याची टीम पाटाकडील हरलं की दोन दिवस त्याच्याशी बोलायची सोय नसते, पण तिसऱ्या दिवशी पेनल्टी घालवणारा पोरगा त्याला चहाच्या गाड्यावर सापडतो. हा त्याला तोंडावर सांगतो, "लेका, काय मारलास ते?" तो पोरगा मान खाली घालतो, आणि चहाचे पैसे हाच देतो. मिटलं. पुढच्या मॅचला परत दोघं मैदानावर, एक आत, एक बाहेर. मी कॅसेमिरोला कुठल्या गाड्यावर गाठू? सात हजारांवर किलोमीटर लांब, माझं नाव त्याला माहीत नाही, मी जागलो की झोपलो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कारखाना विकत घ्यायला काढलेलं कर्ज त्याच कारखान्याच्या डोक्यावर टाकावं, तसा २००५ साली ग्लेझर कुटुंबानं तो क्लब घेतला. आता विकायला काढलाय म्हणतात. त्यांचं घर त्यांनाच नकोसं झालंय आणि मी इथं जिन्यावर बसून मच्छर मारतोय! आतेभाऊ म्हणाला, "पन्नास किलोमीटरवर मैदान आहे, ये की इकडं." येईन की. पण कोल्हापूर हरलं म्हणून सांगलीच्या माणसाला वाईट वाटायला अजून दोन पिढ्या जाव्या लागतील.

आज सकाळपासून डोकं ठणकतंय. कानात अजून गुलाल. हमालानं विचारलं, "काय दिवाणजी, कालचं काय झालं?" मी म्हटलं, "पोती मोजा." दुपारी ग्रुपवर लिव्हरपूलवाल्याचा मेसेज: "रविवारी एफए कप, फुलहॅम. रात्री १० ला. घरची आहे." वर दात काढणारी तीन तोंडं. याला म्हणतात पाताळयंत्री माणूस. मी टाइप केलं, मी येत नाही, तुम्ही बघा, माझा या क्लबशी संबंध संपला. दोनदा वाचलं. पुसलं.

मग लिहिलं, "भडंग मी आणतो. पण त्या निळ्या सोफ्यावर या वेळी तू बस, मी खाली सतरंजीवर."