एका बॅटरीसाठी एवढा उपद्व्याप?

पाचशे हॉर्सपॉवरची स्पोर्ट्‌स कार, आणि 12 व्होल्टची बॅटरी पार उतरली की डिकीसुद्धा उघडत नाही! बॅटरी त्या डिकीतच, आणि डिकीचं कुलूप विजेवर. म्हणजे बॅटरीपर्यंत पोहोचायला आधी बॅटरी हवी. मग फ्यूजबॉक्सात वाकून बाहेरून करंट द्या. त्यासाठी लाल टोक ओढून बाहेर काढायचं आणि काळा चिमटा दाराच्या बिजागरीला लावायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघतं हे?

बरं, नवी बॅटरी साधी चालत नाही. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी) नाहीतर लिथियम. लिथियमचा भाव ऐकून माणूसच डिस्चार्ज होतो! बसवली म्हणजे सुटलो? छे. कित्येक गाड्यांत नवी बॅटरी आल्याची वर्दी कॉम्प्युटरला द्यावी लागते, नाहीतर तो जुनीच समजून तसाच चार्ज करत राहतो. या वर्दीचेही वेगळे पैसे! वर काचांना कुठे थांबायचं ते पुन्हा शिकवा.

गाडी नुसती उभी असली तरी अलार्म आणि किल्लीचा रिसीव्हर करंट पीतच असतात. उपाय म्हणे, चार्जर कायम लावून ठेवा. लावतो की! पण डिकी बंद करून ती वायर बाहेर काढायची कुठून, तेवढं सांगा.