तार कोणाची?

काल संध्याकाळी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा संदेश आला की, पाऊस आला की इंटरनेट तुटते ही माझी तक्रार निकाली काढण्यात आली असून दोष ग्राहकाच्या घरातील वायरिंगमध्ये आहे. मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, दिवा त्या क्षणीही लुकलुकतच होता, म्हणजे जोडणी लागलेलीच नव्हती. शिवाय ज्या वायरिंगवर हा ठपका आला, ते याच कंपनीच्या माणसाने माझ्या भिंतीत खिळे ठोकून बसवलेले आहे.

ग्राहकसेवेतील बाईंनी सांगितलेले सगळे सोपस्कार मी केव्हाच उरकले होते. फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा स्प्लिटर बदलला, आतल्या खोलीतला समांतर फोन काढून टाकला आणि मोडेम थेट रोझेटच्या डबीला, म्हणजे बाहेरची तार घरात जिथे येते तिथे, जोडून पाहिला. एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली राखीव जागा, कोरड्या दिवशी ठीक असते आणि सर आली की ६ डेसिबलच्या खाली घसरते, यावरून दोष बाहेर पावसात उभा आहे हे कोणालाही कळावे.

लाइनमन आला, पण माझ्याकडे येण्याआधी तळमजल्यावरच्या अप्पांकडे चहाला थांबला. अप्पांनी एके काळी नऊ वर्षे वाट पाहून टेलिफोन मिळवला असल्यामुळे या विषयातला अंतिम शब्द आपला, असे त्यांना वाटते. त्यांनी लाइनमनच्या हातातला टेस्ट फोन मागून घेतला आणि तंबोरा जुळला की नाही हे ऐकावे तसा, डोळे मिटून, माझा डायल टोन ऐकला.

"लाइन स्वच्छ आहे," त्यांनी निकाल दिला.

मी शांतपणे सांगितले की, बोलण्याला ३४०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो, पण इंटरनेट त्याच तांब्याच्या जोडीवरून २५ किलोहर्ट्झपासून थेट २२०० किलोहर्ट्झपर्यंत धावते, आणि जोडात पाणी शिरले की या वरच्या वारंवारता आधी दम तोडतात.

"म्हणजे तुमचं इंटरनेटच नाजूक," अप्पा म्हणाले. "आम्ही ट्रंक कॉलवर खरखरीतून ओरडून बोलायचो. तुम्ही ओरडून बघितलंत का?"

"इंटरनेटवर?"

"बघितलंत का ते सांगा."

तेव्हा मी खांबापासून माझ्या खिडकीकडे येणाऱ्या तारेकडे बोट दाखवले. ती अप्पांच्या गॅलरीवरून येते आणि तिच्यावर त्यांचा ओला पंचा वाळत होता; पंचाच्या बरोबर खाली काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड होता. लाइनमनने पंचाकडे पाहिले, मग हातातल्या कपाकडे पाहिले आणि एक घोट घेतला.

"ती तार कंपनीची आहे," अप्पा म्हणाले. "तुम्हाला बोलायचा अधिकार काय?"

लाइनमननेही मान डोलावली. डायल टोन असताना बाहेरचा फॉल्ट धरता येत नाही, असे त्याचे म्हणणे. थोडक्यात, तार त्यांची आणि तिच्यातला बिघाड तेवढा माझा. या तारेवर मी महिनोन्‌महिने बोलत नाही, तरी तिचे भाडे बिलात चोख येते. एक्स्चेंज माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, तेव्हा लांब अंतराची सबबही नाही. माझ्याकडच्या डीएसएलचा, म्हणजे एडीएसएल २+ चा, वेग कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जातो. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हटले होते. पावसात माझी लाइन त्या व्याख्येतही बसत नाही. गल्लीच्या तोंडाशी फायबर येऊन थांबले आहे, त्यामुळे तांब्यावर आता कोणी पैसा घालणार नाही, हेही मला दिसते. मग निदान पूर्ण बिल तरी घेऊ नये.

निघताना लाइनमनने हळूच सुचवले, "साहेब, फोनच बंद आहे म्हणून तक्रार टाका. मग बाहेरची तार बघावीच लागते."

"पण फोन सुरू आहे."

"हवं तर मी तोडून देतो," अप्पा उत्साहाने म्हणाले आणि खरोखरच पकड शोधायला आत गेले. पंचा मात्र दुसरीकडे वाळत घालायला ते तयार नव्हते.